शेपटीतल्या वन्सं

वजनकाटे दुरुस्त करायच्या त्या लांबट खोलीत काटेबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं काटे हाताळले की माणसाचं नाव काटेबाईच पडणार, दुसरं काय. खोलीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी, तिच्याखाली लाकडी बाक, आणि बाकावर आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले काटे: दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवायचे, आणि एखादा काचेच्या पेटीतला, ज्याच्यासमोर श्वासही बेतानेच घ्यावा लागतो. बाई पारड्यावर एक बोट ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, हा उजवीकडे कलतोय. मापं घालून बघावं तर तो उजवीकडेच कललेला असे.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक काट्याला त्या दोऱ्याने चिठ्ठी बांधायच्या आणि तिच्यावर त्याचा दोष लिहायच्या, फक्त स्वतःसाठी. ‘डावं पारडं आळशी.’ ‘स्प्रिंग थकली, बदला.’ ‘वरून रंग, आतून गंज.’ काटा गिऱ्हाइकाला देताना चिठ्ठी कात्रीने कापून टाकायची. बाईंची जीभ जशी सरळ तशीच लेखणीही, त्यामुळे ही कात्री फार महत्त्वाची होती. एकदाच ती चालवायची राहिली. एक दुकानदार चिठ्ठी नाचवत परत आला. तिच्यावर लिहिलं होतं, ‘काटा चोख, मालक नाही.’ साहेबांनी त्याला चहा पाजून, हात जोडून कसंबसं वाटेला लावलं आणि बाईंना म्हणाले, निदान सांकेतिक भाषेत तरी लिहीत जा. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या काट्यावर लिहिलं, ‘साहेबांसारखा. पटकन घाबरतो.’

अशा बाई वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी विमानं बांधायला लागल्या. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाताना मुलाने आपला जुना कॉम्प्युटर आईकडे ठेवला आणि त्यात बांधकामाचा एक खेळ घालून दिला. आईने संध्याकाळी गुडघे चोळत बसू नये एवढाच त्याचा हेतू. खेळ साधा होता. पत्रे, नळ्या, चाकं, इंजिनं, हवं ते उचलावं आणि हवं ते बांधावं. पण त्यातलं वजन आणि वारा मात्र खऱ्यासारखे वागायचे. वेडंवाकडं बांधलं की कोसळलंच. बाईंनी पहिल्या दिवशी अर्थातच तराजू बांधला, तो अचूक तोलला गेला, आणि त्यांना वाटलं, आपल्याला येतंय की. मग त्यांनी विमान बांधलं. ते धावपट्टीवरून उठलं आणि नाकावर आपटलं. असं अकरा वेळा झालं. वजन आपलं ऐकत नाही हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला, आणि बाराव्या वेळेला विमान हवेत टिकलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या नवऱ्याला अशी हाक मारली की त्याच्या हातातला डाव खाली पडला.

ह्या खेळात ‘हँगर’ नावाची एक सामाईक जागा होती. आपण बांधलेलं विमान तिथे नेऊन ठेवायचं. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, उडवावं, आत डोकावून कुठला पत्रा कुठे लावलाय ते बघावं. तिथली माणसं एकमेकांना टोपणनावानेच ओळखत. हँगरचा एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. बांधताना बांधणाऱ्याने सांगाड्यासकट हवं तेवढं पडावं-धडपडावं, पण विमान पुरं झालं, त्याला नाव दिलं, की पहिलं उड्डाण परक्या माणसाचं. बांधणाऱ्याच्या हाताला आपल्या विमानाची खोड माहीत असते आणि तो नकळत सांभाळून घेतो. परका सांभाळून घेत नाही. मग त्या परक्याने उड्डाणचिठ्ठी लिहायची, खरी खरी, आणि ती विमानाच्या नावाखाली कायमची लागायची.

बाईंना हा नियम मनापासून पटला. त्यांची विमानं दिसायला काही धड नव्हती. कपाटाला पंख फुटल्यासारखी दिसायची. पण एकदा आकाशात नेऊन सोडलं की बटणांना हात न लावता चहा पिऊन यावं, विमान जसंच्या तसं सरळ चाललेलं असे. ‘निवृत्त ढग’ नावाचा एकजण हँगरात होता, आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवलेला. त्याने बाईंच्या तिसऱ्या विमानाच्या उड्डाणचिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रूप शून्य, तोल शंभर.’ बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं होतं.

आता घराचं सांगायला हवं, कारण भानगड तिथेच आहे. घरात तीन माणसं. बाई, रंगांच्या दुकानात रंग मिसळून द्यायला असलेला त्यांचा नवरा, आणि वन्सं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, ताठ कण्याची. सव्वीस वर्षांपूर्वी ‘महिनाभर येते’ म्हणून आलेली. नवरा हा माणूस असा की बहीण आणि बायको यांच्यात काही बिनसलं की त्याला नेमकी पिवळ्या रंगाची एखादी छटा आठवे आणि तो दुकानात जाई. दोघींचं रोजचं भांडण एकाच गोष्टीवरून चाले, ती म्हणजे वन्संची खुर्ची.

ही वेताची खुर्ची पुढच्या खोलीच्या बरोबर मध्यावर असे. एका बाजूला कॉम्प्युटरचं टेबल, दुसऱ्या बाजूला पलंग. स्वयंपाकघरात जायचं तर खुर्चीला वळसा घालायचा, दार उघडायचं तरी वळसा. बाईंचा गुडघा तिच्या पायावर न आपटता एक दिवस गेला नसेल. पण ती चार बोटं जरी सरकली तरी वन्संना लगेच कळायचं आणि त्या घर डोक्यावर घ्यायच्या. दिवसभर त्या तिथे बसून असत. बाई कामावरून आल्या रे आल्या की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, ‘आज कोणाचा काटा आला?’ आणि बाई चपला काढता काढता वैतागून सांगायच्या, आला होता एका धान्यवाल्याचा, तुम्हाला काय करायचंय.

त्यातच बाईंनी नववं विमान बांधलं. त्याला नाकात भलंमोठं इंजिन होतं, त्यामुळे विमान सारखं पुढे झुकायचं. आता पारडं एकीकडे झुकलं की दुसरीकडे पासंग बांधायचा हे तर बाईंच्या रक्तातच. त्यांनी शेपटीत शिशाचा एक ठोकळा ठेवला आणि विमान सुतासारखं सरळ आलं. मग सवयीप्रमाणे त्यांनी भागांना चिठ्ठ्या लावल्या. खेळात प्रत्येक भागाला नाव देता येत असे, खाली शेराही लिहिता येत असे. इंजिनाला लिहिलं, ‘मी. जास्त तापवू नये.’ मागच्या सुकाणूला लिहिलं, ‘हे. ढकलाल तिकडे वळतात.’ त्या दिवशी सकाळीच खुर्चीवरून वाजलं होतं, गुडघा ठणकत होता. शिशाच्या ठोकळ्याला त्यांनी लिहिलं, ‘वन्सं. काम काही नाही, नुसत्या बसून असतात. हलवू नये.’

विमान पुरं झालं आणि गॅसवर दूध उतू जायला लागलं. बाईंनी घाईघाईने ते हँगरात ढकललं आणि धावल्या. कात्री चालवायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी निवृत्त ढगाची उड्डाणचिठ्ठी लागली होती. विमान उत्तम, तोल शंभर, आणि शेवटी एक प्रश्न, ‘शेपटीतल्या वन्सं कोण?’ चिठ्ठी कापायची राहिली हे बाईंना तेव्हा कळलं. पण खाली बघतात तो सगळं हँगर हसत होतं. एका शहाण्याने विमान हलकं करायचं म्हणून तो ठोकळा काढून टाकला होता आणि विमान नाकावर आपटल्याची हकिकत स्वतःच लिहिली होती. त्याखाली पाचपन्नास जणांनी त्याला बजावलं होतं, वन्सं काढायच्या नसतात. पंधरवड्यात शेपटीतल्या वजनाला सगळे वन्संच म्हणायला लागले. ‘तुझ्या विमानात वन्सं कमी पडतायत.’ ‘मी दोन वन्सं घातल्या तेव्हा कुठे उठलं.’ चारशे माणसांनी ते विमान उतरवून घेतलं.

बाईंना तो शेरा एका मिनिटात पुसता आला असता. त्यांनी तो पुसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चिठ्ठीवर कुणी रागावलं नव्हतं, उलट दाद दिली होती, आणि ती दाद त्यांना गोड लागत होती. इथे बाईंची बाजू घेता येणार नाही. त्यांनी स्वतःही नंतर कधी घेतली नाही.

वन्सं रोज सकाळी अकराला, घरात कुणी नसताना, सगळ्या खोल्यांची धूळ पुसत. हे बाईंना माहीतच नव्हतं. आपल्या घरात धूळ कमी बसते एवढंच त्यांना वाटायचं. अशाच एका सकाळी टेबल पुसताना माउसला धक्का लागला आणि पडदा उजळला. वन्संना त्यावर आपलंच नाव दिसलं. तीस वर्षांत आपण कुणाचंही बोलणं चोरून ऐकलं नाही असं त्या अभिमानाने सांगत, पण हे त्यांनी सगळं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभ्याने.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा खोली मोठी झाल्यासारखी वाटली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ वाट मोकळी होती. वेताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि ती स्वतः वन्संनीच तिथे नेली होती. खरं सांगायचं तर पहिली दोन पावलं बाईंना बरंच वाटलं. मग कोणाचा काटा आला हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी फार चुकलंय. नवऱ्याने हळूच सांगितलं. ताई रविवारी मावसबहिणीकडे चालली आहे. तिथे एक खोली रिकामी आहे. तिकीट काढून झालंय.

बाई आतल्या खोलीत गेल्या. वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या, काठाला काठ लावून.

“वन्सं, ते विमानाचं होतं,” बाई म्हणाल्या.

“विमानाचं होतं तर नाव माझं कशाला?”

वन्संनी आणखी एक घडी घातली. “मला काही काम नाही ना? मग कुठेही बसून राहीन. तिथेही खुर्ची आहे,” त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या असत्या, दोन शब्द टाकून बोलल्या असत्या, तर बाईंनी चार ऐकवून प्रकरण मिटवलं असतं. तसं दोघींनाही येत होतं. पण वन्सं हळू आवाजात बोलत होत्या आणि त्यांच्यापुढे काय करावं हे बाईंना सव्वीस वर्षांत शिकायला मिळालं नव्हतं. रविवारी त्यांनी वन्संची मोठी बॅग स्टँडपर्यंत उचलून नेली. बस सुटेपर्यंत दोघी फलाटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

सोमवारी बाई कामावरून आल्या आणि दाराशी अडकल्या. किल्ली फिरेना. कुलूप केव्हापासून जड झालं होतं कोण जाणे. वन्सं निवृत्त झाल्यापासून आपल्या दाराला स्वतः किल्ली लावायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती, दार आतून उघडायचं. त्या आठवड्यात असं बरंच कळलं. नवरा रक्तदाबाची गोळी तीन दिवस विसरला, कारण ती आजवर आपण लक्षात ठेवतो असा त्याचा समज होता. कुरिअरवाला दोनदा येऊन परत गेला. शेजारीण आपली किल्ली ठेवायला आली आणि दाराला कुलूप बघून निघून गेली. ह्यातलं काहीच घर बुडण्याइतकं नव्हतं. पण बुधवारी एक गंमत झाली. ज्याने ती जुनी चिठ्ठी नाचवली होती तोच दुकानदार इतक्या वर्षांनी काटा घेऊन आला, आणि बाईंना म्हणाला, चिठ्ठी बांधणार असाल तर आधी मला वाचून दाखवा. बाई हसत हसत घरी निघाल्या, वाटेत ती गोष्ट मनातल्या मनात जुळवली, दार उघडलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. नवऱ्याला सांगितली. तो ‘अरे वा’ म्हणाला. बाई पलंगावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. आपल्याला वन्सं हव्या आहेत, हे त्यांना इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि त्या ठोकळ्यावरचा शेरा पुसला. नावाच्या जागी नुसतं ‘वजन’ लिहिलं. तासाभरात निवृत्त ढगाने विचारलं, ‘वन्सं कुठे गेल्या?’ बाईंनी लिहिलं, ‘गेल्या.’ ढग जुना माणूस होता, त्याने पुढे काही विचारलं नाही. पण त्याच्या प्रश्नाने बाईंना एक संध्याकाळ आठवली. त्या विमान बांधत होत्या आणि खुर्चीतून वन्संनी विचारलं होतं, ह्या विमानात पुढे बसून बघायला मिळतं का गं? बाईंनी मान न वळवता सांगितलं होतं, पुढे इंजिन आहे. विषय संपला होता.

वन्संनी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये भिंतीकडे तोंड करून, पाठीमागे खिडकी ठेवून काढली होती. जगभरची माणसं एकमेकांशी बोलत राहिली आणि ह्यांच्यासमोर छिद्रांची फळी. म्हणून ती खुर्ची मध्यावर होती. बाई जाऊन तिच्या जुन्या जागी उभ्या राहिल्या. तिथून दारही दिसत होतं आणि खिडकीही, रस्त्याच्या वळणापर्यंत. चार बोटं डावीकडे सरकलं की खिडकीच्या चौकटीआड वळण जात होतं, आणि त्या वळणावरूनच बाई रोज घरी येत असत.

दहाव्या विमानाचं काम त्याच संध्याकाळी सुरू झालं. ह्या विमानात इंजिन मागे राहणार होतं. मागे इंजिन म्हणजे सगळं गणित उलटं. सांगाडा धावपट्टीवरून उठायचा, नाक वर करायचा आणि पाठीवर उताणा पडायचा. तोल साधायचा तर वजन पुढे हवं, अगदी नाकात. तिथे बाईंनी एक खुर्ची बसवली आणि तिच्या तिन्ही बाजूंना काचच काच. खुर्चीत किती वजन ठेवायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी वन्सं कामाच्या जागी आल्या असताना गोदामाच्या मोठ्या काट्यावर हौसेने उभ्या राहिल्या होत्या. साडेएक्कावन्न किलो. बाई गिऱ्हाइकाचं नाव विसरतील, वजन विसरायच्या नाहीत. आता साडेएक्कावन्न किलो आधी ठरलं आणि पंख, शेपूट, टाकी, सगळं त्याच्या हिशेबाने बांधायचं. पाच आठवडे लागले. नवरा आपणहून भाजी टाकायला शिकला.

विमान हँगरात गेलं तेव्हा त्याच्याखाली बाईंनी लिहिलं, ‘पहिलं उड्डाण वन्संचं. बाकीच्यांनी थांबावं.’

असं आजवर कुणी केलं नव्हतं, पण नियमात बसत होतं. पहिलं उड्डाण परक्याचं असतं, कुठल्या परक्याचं ते बांधणाऱ्याने सांगू नये असं कुठे होतं? माणसं थांबली. चार दिवस झाले, आठवडा झाला. लोक नुसतेच येऊन विमान बाहेरून बघून जात. कुणी विचारी, आल्या का? दुसरं कुणी सांगे, नाही अजून.

बहिणीला फोन करायचं काम नवऱ्याकडे आलं. पिवळ्या रंगाची कुठलीही छटा ह्या वेळी उपयोगाची नव्हती, कारण बाई समोर उभ्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. पलीकडून वन्सं म्हणाल्या की मला विमानातलं काय कळतंय, दुसऱ्या कुणाला उडवू दे. पण फोन त्यांनी ठेवला नाही.

“किती माणसं थांबली आहेत?” वन्संनी विचारलं.

“दोनशे सत्तर, ताई.”

“आणि कधीपासून?”

“आज नववा दिवस.”

“दोनशे सत्तर माणसांना नऊ दिवस लाइनवर ताटकळत ठेवतात का?” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एक्स्चेंज जागं झालं होतं. “शनिवारची बस किती वाजता आहे बघ.”

शनिवारी त्या आल्या. बाईंनी पहिली नजर टाकली ती बॅगेवर. बॅग लहान होती, दोन दिवसांची. काम झालं की परत, हे त्या बॅगेवरूनच कळत होतं. बाई भिंतीपाशी गेल्या, वेताची खुर्ची उचलून टेबलापुढे आणली आणि बाजूला झाल्या. वन्संनी चष्मा लावला, बसल्या, आणि बटणांवर बोटं ठेवली. बोटांना अजून सराव होता. नुसतं कुठलं बटण कशाचं एवढं एकदा सांगावं लागलं.

पहिल्यांदा विमान कुंपणात गेलं. दुसऱ्यांदा उठलं आणि तळ्यात पडलं. तिसऱ्यांदाही तळ्यातच. नवरा दाराच्या चौकटीत उभा राहून, आपण न हललो तर बरं, अशा बेताने श्वास घेत होता. चौथ्यांदा विमान उठलं आणि उठलेलंच राहिलं. पडद्यावर आता इंजिन नव्हतं, पंखा नव्हता, काहीच आडवं येत नव्हतं. शेतं, रस्ते, एक पूल, आणि समोर आकाश.

वन्सं बराच वेळ बघत राहिल्या.

“माझ्या मागे कोण आहे?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“मी. इंजिन.”

“म्हणजे मला ढकलणार तूच.”

“हो,” बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी पाच आठवडे मनात धरलं होतं, तरी ते बाहेर यायला वेळ लागला. “पण पुढे तुम्ही नसलात ना वन्सं, तर मी उताणी पडते. बघितलंय मी. सतरा वेळा.”

वन्संनी विमान पुलावरून नेलं, सावकाश, अगदी सरळ.

“आणि हा?” त्यांनी भावाकडे बोट न दाखवता विचारलं.

“शेपटीत. सुकाणू.”

“ढकलाल तिकडे वळतात,” वन्सं म्हणाल्या. त्यांना तो शेरा शब्दन् शब्द पाठ होता. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि बाईंना आधी भीती वाटली की त्या रडतायत. त्या हसत होत्या. बाईही हसायला लागल्या, आणि नवऱ्याला कळेना की आपण हसावं की दुकानात जावं.

विमान नीट उतरलं. वन्संनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की आता ती चिठ्ठी कुठे लिहायची ते दाखव, माणसं थांबली आहेत. त्यांनी एका बोटाने पण न अडखळता लिहिलं:

‘उड्डाण केले. आधी तीनदा पाडले, तिन्ही चुका माझ्या. विमान कुठेही कलत नाही. पुढच्या खुर्चीतून सगळे दिसते. खुर्ची हलवू नये. वन्सं.’

खाली माणसं जमायला लागली. पहिला अर्थात निवृत्त ढग. त्याने लिहिलं, ‘या वन्सं.’ मग एकेकजण नुसतं तेवढंच लिहीत गेला. वन्सं ते एकेक वाचत होत्या आणि प्रत्येकाला मान डोलावून पोच देत होत्या, जणू त्या माणसांना ते दिसत होतं.

मग त्या उठल्या, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि तिला टेबलापासून ओढत खोलीच्या मध्यावर आणली. थोडी पुढे, थोडी मागे केली. खिडकीकडे बघितलं, रस्त्याच्या वळणाकडे बघितलं, आणि बसल्या.

“मोठी बॅग पुढच्या आठवड्यात आणायला हवी,” त्या भावाला म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. “मी नसताना कोणाकोणाचे काटे आले?”

“सांगते. तो चिठ्ठीवाला आला होता,” बाई म्हणाल्या. “आधी चहा टाकते.”

त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. वाटेत खुर्ची होती. बाईंनी अंग चोरलं, तिला वळसा घातला, आणि तरीही गुडघा आपटलाच.